यांच्या सदऱ्याचा वास

माझं माहेर चौलचं, सुपारीच्या वाडीतलं. लग्न होऊन उरणला आली तवा, काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी नाक दाबून बसली मी. आमचे हे पेट्रोल पंपावर कामाला, घरही पंपाच्या मागच्या भिंतीला लागून, आणि यांच्या खाकी सदऱ्याला असा वास की घास उतरायचा न्हाय. मग झाली सवय. वास आला की समजायचं, हे आले.

दोन वर्षं झाली हे जाऊन. मागल्या खोलीत, खाटेवरच गेले. पण वास काय गेला न्हाय बघा. सदरा त्याच खोलीत पेटीत ठेवलेला, मी म्हणायची त्याचाच वास हाय, हे हायत अजून घरात. दार बंद ठेवायची मी, वास उडू नये म्हणून. सूनबाईला सातवा महिना, ती बोलायची आई, डोकं दुखतं, ओकारी येते. मी बोलायची, पोटुशी बाईला व्हतंच असं.

मग कळलं पंपाची जमिनीतली टाकी गळते, आणि तपासणीवाले आले. एक बाई व्हती, माझ्या लेकीएवढी. ती बोलली, आजी, रॉकेल, रंगाचे डबे, पेट्रोलचा वास येईल असं सगळं बाहेर काढा, उद्या घरातली हवा तपासू. मी सदरा काढला, पडवीत दोरीवर टांगला. दुसऱ्या दिवशी खोलीत शिरली तर वास तसाच. बाहेर येऊन सदरा नाकाला लावला. डांबरगोळ्यांचा वास, दुसरं काय न्हाय. तिथंच बसली मी, रडली.

बाईनं लादीला बोटाएवढं भोक पाडून खालची हवा नळीनं ओढून नेली. निकाल घेऊन आली तवा बोलली, मातीतून पेट्रोलची वाफ चढते वर, लादीच्या फटींतून. इथं कुणी झोपू नका, दिवा तर लावूच नका. मी बोलली, अगो, हे गेले तवा दहा दिवस दिवा तेवत व्हता की इथं, आता यांच्या श्राद्धाला नको? तिचा चेहराच उतरला. मग हळूच बोलली, आजी, अंगणात लावा. मी सुनेच्या पोटाकडं बघितलं, न् अंगणातच लावला.

आता टाकी काढली, लादीखालून पाइप घालून छपराच्या वर नेलाय, त्याचा पंखा रात्रंदिस घुमतो. नात झाली, गुटगुटीत हाय, देव तिला सुखात ठेवो. सूनबाईचं डोकंही दुखत न्हाय. चांगलंच झालं सगळं. पण खरं सांगू, मागल्या खोलीत मी अजून जाते, हुंगून बघते, काय न्हाय. एकाच घरातून माझा माणूस दोनदा गेला.