मुकादमाची दोन वेळची सुई

आजच्या सोहळ्याचे आणि आपल्या नाट्यसंस्थेचेही अध्यक्ष महोदय. दवाखाना लवकर बंद करून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या, म्हणजे आपल्या मुकादमाच्या डॉक्टरीणबाई. माझ्याविषयी आत्ताच भरभरून बोललेले थोरले नट, आपले अप्पा. समोर बसलेले सुतारकाका, लाइटवाले भाऊ, सगळी कलावंत मंडळी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिकीट न काढता आत आलेले माझे शेजारी, तुम्हां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी कपडेपटातली बाई. तुमचे अंगरखे शिवायचे, उसवलेलं टाचायचं आणि अंधारात उभं राहायचं, एवढंच मला येतं. या उजेडात तुमचे चेहरे मला दिसत नाहीत, ते एका परीनं बरंच आहे. अप्पा इतकं चांगलं बोलले की मी दोनदा मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी निवृत्त होतंय की काय म्हणून. ऐन दरबारात त्यांच्या विजारीची नाडी सुटली होती, तो प्रसंग त्यांनी गाळला, त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

शाल मिळाली, फुलं मिळाली. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की संस्था आपला मुकादम मला कायमचा भेट देत आहे. टाळ्या झाल्या. माझे डोळे भरून आले ते तुम्ही पाहिलंत. अध्यक्ष महोदय, राग मानू नका, पण ही भेट मला घेता येणार नाही. का, ते सांगायला मला थोडा वेळ द्याल ना?

शेजाऱ्यांसाठी सांगते, मुकादम म्हणजे या नाट्यगृहाचा कुत्रा. पिल्लू असताना तो नेपथ्याच्या खोलीत शिरला आणि सुतारांचं काम बघत दिवसभर बसून राहिला. काम न करता नुसती देखरेख करतो म्हणून सुतारकाकांनी हे नाव ठेवलं. विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी त्याची जागा. तो सगळ्यांचा होता. सगळ्यांचा होता म्हणजे त्याची वाटी कुणी धुवायची ते ठरलेलं नव्हतं, म्हणून ती मी धूत असे.

म्हातारपणी तो पाणी फार प्यायला लागला. राजाच्या शेल्याखाली मला ओल सापडू लागली. खायचा भरपूर आणि तरी बरगड्या दिसायच्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर आहे म्हणाल्या. मी विचारलं, माणसासारखी? तर म्हणाल्या, अगदी माणसासारखी. जेवण मोजून, ठरल्या वेळी, आणि जेवणानंतर इन्सुलिनची सुई, रोज दोन वेळा, तो आहे तोवर. हे ऐकून इथल्या सगळ्यांना अचानक छत बघावंसं वाटलं. शेवटी अप्पा म्हणाले, "सुई काय, मावशींच्या हातातलीच आहे." झालं, ठरलं.

तेव्हापासून मी सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि संध्याकाळी पहिल्या घंटेआधी कपडेपट सोडून विंगेत जायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, सुई टोचायची, पाठीवरून हात फिरवायचा. तुम्ही म्हणायचात, मावशी एक दिवसाची रजासुद्धा घेत नाहीत, केवढी निष्ठा. निष्ठा कसली? घरी दोन खोल्या आहेत, आणि भाचीचा फोन रविवारी येतो. सकाळी उठल्यावर आपली कुणीतरी वाट बघत आहे, भले सुईसाठी का असेना, हे मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. सांगायला संकोच वाटतो, पण आज सांगून टाकते.

एवढं करूनही साखर काही उतरेना. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं, पुन्हा वाढवलं. मी वाटी वजन करून भरत होते, डोळ्यांत तेल घालून बघत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत काय चाललं होतं? तुम्ही नटमंडळी! भरल्या नाट्यगृहासमोर खंजीर या हातातून त्या हातात द्यायचा आणि कुणाला दिसू द्यायचा नाही, यात जन्म गेलेला तुमचा. माझ्यासमोरून बिस्किटं जात होती. अप्पा तर बाहीतल्या चोरखिशातून देत होते, आणि तो खिसा मीच शिवला होता.

मग तुम्ही दौऱ्यावर गेलात आणि रंगकामासाठी इथे कुलूप लागलं. मी मुकादमाला घरी नेलं. जेवण तेच, औषध वाढवलेलं, आणि बिस्किटं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पाय लटपटायला लागले, अंग थरथरलं आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळला. मी फोन लावला. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "मावशी, साखर फार उतरली असणार, हिरड्यांना मध चोळा आणि तशाच निघा." त्याला उचलून जिना कसा उतरले, ते मला आजही आठवत नाही.

तो वाचला. पण घरी काय बदललं, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि मी शपथेवर सांगत होते की काही नाही. संध्याकाळी दौऱ्यावरून अप्पांचा फोन आला. त्यांना झालेलं सांगितलं. मग म्हणाले, "मावशी, मी त्याला रोज एक बिस्किट देत होतो. एकच." त्यांच्यामागून एकेकाचे फोन आले. प्रत्येकानं एकच दिलं होतं.

तुम्हाला वाटलं, मावशी चिडल्या. चिडले नव्हते. मला हेवा वाटला होता. तुम्ही सगळे त्याला गोड देत होतात, आणि मी त्याला माहीत होते ती फक्त टोचणारी बाई म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी औषध कमी करून बसवलं. तुम्ही परत येईपर्यंत तो माझ्याकडेच राहिला. साखरेनं डोळ्यांत मोतीबिंदू उतरून त्याची नजर तोवर गेलेली होती. तो खाटेला धडकायचा, टेबलाला धडकायचा, आणि मग दाराकडे तोंड करून उभा राहायचा. मी गोधडी घातली, तिच्यावर बसला नाही. मी वाटीपाशी बसून बोलत राहिले तरच खायचा. म्हणून मी बोलत राहिले. लहानपणचं, यजमानांचं, भाचीच्या लग्नाचं. त्या घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. खरं सांगू? तो दुःखात होता आणि मी सुखात होते.

रंगकाम संपल्यावर त्याला इथे आणलं. फाटकातूनच त्यानं पट्टा ओढला. शिडीला वळसा घालून, पायऱ्या टाळून, तो सरळ दोरीपाशी जाऊन बसला. ज्या अंधारात तुम्ही रोज कशाला ना कशाला अडखळता, तिथे तो कशालाही लागला नाही. या इमारतीत तो आंधळा नाही. आता याची जागा बदलू नका, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या आहेत. मी त्याला नेलं तर मला सोबत मिळेल, आणि त्याला तोंड करून उभं राहायला एक दार मिळेल. म्हणून नको म्हणते, अध्यक्ष महोदय. नको म्हणणं सोपं गेलं असं समजू नका.

सुई लाइटवाले भाऊ देतील. अंगरख्याच्या खांद्याच्या गादीत पाणी टोचून टोचून आम्ही त्यांचा हात बसवला आहे. गेला आठवडाभर तेच देतात, मुकादम मानसुद्धा वळवत नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि जरा दुखलंही. कपडेपटात माझ्या टेबलावर डबा आहे, त्यात उकडलेली फरसबी असेल. ज्याला राहवणार नाही त्यानं ती द्यावी, आणि उघड द्यावी. तो जेवला नाही तर डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय सुई देऊ नये. मध रंगपटाच्या आरशाखाली ठेवला आहे.

मावशी, येत जा, असं तुम्ही म्हणालच. येईन, पण लगेच नाही. भाऊंची चाहूल त्याच्या अंगवळणी पडू दे. मी रोज आले तर तो माझीच वाट बघेल, आणि ते मला फार आवडेल, म्हणून येणार नाही.

आत्ताही तो इथेच, या विंगेत, दोरीपाशी आहे. माझा आवाज ऐकून मघाशी उठून बसला आहे.

संस्थेनं मला काम दिलं, मान दिला, आज एवढं कौतुक केलं. मी तुम्हां सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, भेट नाकारून कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपली मावशी म्हणून पोटात घाला. एक शेवटची विनंती आहे. मी आता विंगेतून न जाता समोरच्या पायऱ्यांनी उतरून, तुमच्यामधून बाहेर जाणार आहे. मी दाराबाहेर पडेपर्यंत टाळ्या थांबवू नका, म्हणजे त्याला माझी पावलं ऐकू येणार नाहीत.