दाजींचं मागचं चाक

हॅलो?… कोन? हौसा?… मोठ्यानं बोल गो, आयकू येत नाय. शेठच्या दुकानात हाय, त्यांनी हाक मारली म्हनून काम टाकून आलो…

हो, आलेले ना दाजी. सकाळच्या यष्टीनं मुरबाडला आले, सायकलचं मागचं चाक टाकलं न् गेले. म्हनाले, पंढरी, चार ओलांडून भर… अगो, म्हंजे एकेक आरा दुसऱ्या चार आऱ्यांना ओलांडून न्यायचा, टोपली विनतात तसा. दूधवाले आसंच भरून घेतात. कितीबी वजन टाक, मोडत नाय… झालं कवाच. खिळ्याला टांगलंय.

रडतेस कशापायी?… ताप? कवापासून?… आन् उद्या शहापूरच्या मैदानात खेळ लावलाय? आठवडाभर सायकलवरनं उतरायचं नाय, गोल गोल फिरायचं, जेवन तिच्यावरच, दाढी तिच्यावरच… डॉक्टर काय म्हनाला?… छाती भरलीय? मग तू सांगायचंस ना… हो, हो… अगो ऐक ना. माला म्हायतीय. सायकल मोडल्याबिगर पाय टेकनार नाय, आसं दर गावात मायकवर बोलतात ते. तुझं आयकतील तर ते दाजी कसले.

…काय?

…काय बोलतेस तू, हौसा?

नाय. मुद्दाम मोडंल आसं चाक मी भरत नाय… अगो, येत नाय कसं, येतं. येकबी आरा न ओलांडता सगळे सरळ भरायचे. पुढच्या चाकाला चालून जातं. मागच्याला पायडलचा झटका बसतो, तिथं टिकत नाय… नाय, दाजी आपटायचे नायत. तेवढं माझ्यावर सोड. येक आरा तुटंल, मग दुसरा, मग चाक डुलत डुलत फ्रेमला घासंल. मग उतरायलाच लागतं.

लोकांच्या बोलन्याचं नाय गो. पंढरीचं चाक मेव्हन्याखालीच मोडलं, आसं अख्खा बाजार बोलंल. बोलू दे. पन दाजी चाकाकडं बघत पन नायत. मी भरलं म्हनतात न् बसतात. एवढे खेळ झाले, कवा येक आरा दाबून पायला नाय. त्याचंच माला वाईट वाटतं.

हो… हो, तुझं बी खरं… दमलोय मी, हौसा. हे तू माला सांगायलाच नको होतंस.

…दिसंल ना. आरे सरळ हायेत ते आंधळ्यालाबी दिसंल. सांगीन कायतरी. रेसवाले आसंच भरतात, हलकं चालतं, आसं सांगीन. मानतील. माझं सगळं मानतात ते.

तू येक कर. मैदानात जवळच बसून ऱ्हा. चाक डुलाया लागलं का पुढं हो, हात दे त्यांना. लोकांच्या देखत उतरताना येकटं नको वाटाया… हॅलो?… हौसा?… हॅलो?

कट झाला, शेठ… नाय, तसं काय नाय. बहिनीचा फोन. दाजींचं चाक भरायचं ऱ्हायलंय आजून.