रेटोच्या गावाची सभा

अमेरिकेतल्या रेडमंडच्या बसमध्ये पुढच्या सीटवरची दोन पोरं मराठीत बोलू लागली, तशी अरुणकाकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"परीक्षित, आमच्या ऑफिसातल्या स्विस रेटोचं खेडं शेजारच्या गावात मर्ज झालं. टीमनं त्याच्या सांत्वनासाठी केक आणला."

"विनय, तुझ्या आवाजावरून कळतंय, तू चक्क जळतोयस!"

"जळणारच! त्यांची नव्वद माणसं. सभा भरवून, हात वर करून ठरवलं. आमच्या गावात आम्ही चार हजार. नगरपालिकेनं गाव घेतलं, हे वेशीवरची पाटी बदलली तेव्हा कळलं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

"छे! आता नळाला रोज पाणी येतं. हो म्हणालो असतो."

"मग रडतोस कशाला?"

"मलाही एकदा हात वर करायचा होता, यार."