काजूची घाटी आणि माझे डोळे

...आणि वर मलाच म्हणते, "काकी, तू बघू नको!" आता तुम्हीच सांगा, डोळे असताना बघायचं नाही म्हणजे काय! अहो, सकाळी पाववाला पोदेर कुणाच्या दारात पाव जास्त ठेवून गेला, यावरून आमच्या कोरगावात कुणाकडे पाहुणे उतरलेत ते मी जनेलाच्या गजांतून बघून सांगते, आणि ही कालची पोर...

हां, पोर म्हणजे गौरवी, शेजारच्या धाकूची मुलगी. चिखलादगडांतून मोटारसायकली पळवायच्या शर्यती असतात ना, त्यात जाते. कपाटभर बक्षिसं आहेत, मी उघडून बघितलंय. तिच्याकडे शिकायची पाळी माझ्यावर आली ती आमच्या ह्यांच्या गुडघ्यामुळे. वर डोंगरावर आमचं काजूचं भाट, म्हणजे बागच. वाट म्हणजे नुसती सुटी खडी आणि जांभ्याचे दगड, जीप जात नाही, माझी स्कूटर घसरते, आणि बोंडूंचे, म्हणजे काजूफळांचे डबे डोक्यावर घेऊन उतरायचं वय आता राहिलं नाही. हे आपले मोटारसायकलवरून जायचे. गुडघा गेला तसे म्हणाले, "रविवारी वाड्यावरच्या शंभूला भाट खंडाने करायला देऊन टाकतो." देऊन टाकतो! अहो, लग्न होऊन आले त्याच पावसात मी माझ्या हातांनी लावलेली झाडं ती! मी म्हटलं, "गाडी मी नेते वर." हे हसले. हसले म्हणजे दुखरा गुडघा धरून हसले हो! म्हटलं, आता तर नेतेच.

तर गौरवी म्हणते, "काकी, उभी राहा." "राहिलेय की गे." "जमिनीवर नव्हे, गाडीवर!" आता सीट काय शोभेला दिली आहे? पण नाही, फुटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची, सगळा भार पायांवर, आणि कोपरं बाहेर, पिल्लांवर धावून आलेल्या कोंबडीसारखी. मूठ मी घट्ट धरली तर ओरडली, "काकी, गोधडी पिळतेयस काय? सैल धर!" क्लचवर दोन बोटं, पुढच्या ब्रेकवर एक. मी म्हटलं, एका बोटाने कधी काय थांबलंय? तर म्हणे, "सगळी बोटं घातलीस तर चाक अडकेल आणि तू गाडीच्या आधी पोचशील." मग पाना आणून क्लच-ब्रेकच्या दांड्या जरा खाली झुकवल्या, उभं राहिल्यावर मनगट वाकू नये म्हणून. तर हे दारापुढच्या बाल्कांवात बसून, "कुणी रे माझी गाडी वाकडी केली?"

त्यात माझा हात स्कूटरचा! स्कूटरला डावा दाबला की ब्रेक, इथे डावा दाबला की क्लच, म्हणजे गाडी मोकळी. दाबला. सुटली. धाकूच्या गोबराच्या खड्ड्यात थांबली, आणि तीसुद्धा ब्रेकमुळे नव्हे.

पण तेही जमलं हो! अडलं ते एकाच ठिकाणी. गौरवी म्हणते, "काकी, जिथे बघशील तिथे गाडी जाणार. दगडाकडे बघितलंस की दगडावर. लांब बघ, वाट संपते तिथे." आता दगडात मला काय रस? पण वाटेत गुरुदासचं अंगण लागतं. दोरीवर नवीकोरी साडी. घरात हा एकटा माणूस, मग साडी कुणाची? डोळे असताना बघायचं नाही म्हणजे काय! बघितलं... आणि गाडी, मी, दोरी, साडी, सगळी एकत्र त्याच्या ओसरीवर. गुरुदास म्हणतो, "बहिणीची आहे गे काकी! विचारलं असतंस तर सांगितलं असतं!"

रविवार उजाडला. शंभू कोयता घेऊन हजर, म्हणजे भाट त्याचंच झाल्यासारखा. हे घाटीच्या पायथ्याशी चिऱ्यावर बसलेले. मी ओढणी कमरेला बांधली, उभी राहिले, कोपरं बाहेर, छाती पुढे हँडलवर, कारण चढणीला मागे रेललं की पुढचं चाक आभाळात. अर्धी घाटी चढले, आणि डावीकडे भाग्यलक्ष्मीच्या घरातून भांडी पडल्याचा आवाज! मागोमाग ती, "या घरात एक तर तो राहील, नाहीतर मी!"

तो? तो कोण हो? तिचा नवरा तर बोटीवर! माझी मान आपोआप वळायला लागली, मानेमागून हँडल, चाकाखालची खडी घळीत सुटली... मागून धावत येणारी गौरवी किंचाळली, "काकी, वर बघ!"

वर माझं पहिलं झाड दिसत होतं. दात आवळले, मान धरली, गॅसची मूठ सोडली नाही, आणि बघत राहिले त्या झाडाकडे. मागे "तो" काहीतरी बोललासुद्धा, पण इंजिनात ऐकू आलं नाही. देवा, काय झालं असेल माझ्या जिवाचं! पण पोचले. झाडाला गाडी टेकवली आणि तिथेच बसकण मारली. शंभू कोयता घेऊन घरी गेला. ह्यांनी खालून ओरडून विचारलं, "क्लच जाळलास काय गे?" म्हणजे ह्यांनी हार मानली, भाट आमच्याकडेच राहिलं.

पण संध्याकाळपासून अर्धा गाव माझ्या बाल्कांवात! "काकी, तू तिथूनच गेलीस ना? तो कोण गे?" मी म्हणते, "मी बघितलंच नाही." एकाचा विश्वास बसेल तर शपथ! गुरुदास तर सगळ्यांना सांगत सुटलाय, "काकी काही बोलत नाही म्हणजे प्रकरण फारच मोठं आहे रे!"