भैरवी नको

छावणीतल्या कानाच्या दवाखान्यात सत्यशीलाबाई आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. उघड्या दारातून आत श्रवणयंत्र बसवणाऱ्या सोनियाचं आणि खंडेरावांचं बोलणं ऐकू येत होतं.

“खंडेरावकाका, मशीन बसलं कानात. आता आवडीचा राग सांगा, लावून बघू.”

“भैरवी. लई जीव हाय माझा तिच्यावर.”

“लावते.”

“थांब पोरी, नको! भैरवी झाली की मैफल मोडती. लोकं उठून जातात.”

“मग घरी ऐका निवांत.”

“घरी मी एकलाच. भैरवी संपल्यावर उठून जायला तरी कुणी पाहिजे का नाय?”

“मग काय लावू, काका?”

“यमन लाव. सावकाश चालणारा.”

सोनियानं दारातून डोकावून विचारलं, “मावशी, थोडा वेळ लागेल. चालेल ना?”

“लागू दे, बाई. मला तरी कुठं घाई आहे?”