बुरशीवर चुना

गिरगावच्या दवाखान्यात खोकणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन अनसूया बसली होती. शेजारी नेमके तिचे घरमालकच येऊन टेकले, तशी साऱ्या बाकाने कान टवकारले.

"दादासाहेब, खोलीची भिंत बुरशीने काळी पडलीय. पोरीचा खोकला हटत नाही."

"ओले कपडे आत वाळवता, बाई. त्याला मालक काय करणार?"

"गॅलरीत दोरी बांधायला तुम्हीच बंदी केलीत."

"चाळीची शोभा जाते."

"परवा जिन्यात कुणी 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलं, तर तासाभरात चुना मारलात!"

"त्याचा जाब पोलीस मला विचारतात. बुरशीचा कोण विचारतंय?"

"बरं. जाताना गेरू घेते. घोषणा आत लिहिते, बुरशीवरच."

"आत कोण वाचणार?"

"न का वाचेना कोणी! तुमचा चुनेवाला धावत येईल, तेवढं पुरे."