नानांच्या नावाचं रक्त

आमच्या नानाकाकांचं सांगितलं का तुम्हाला? सातपूरला कंपनीत होते. उशीर झाला की त्यांचं हजेरीचं कार्ड त्यांचे दोस्त शिंदेकाका पंच करायचे. नानांना लघवीचा त्रास होता. मी सायबर कॅफेत नेटवर प्रोस्टेट कॅन्सरचं वाचलं आणि त्यांच्या मागेच लागलो, कंपनीत त्याची रक्ततपासणी आहे ती कराच. रिपोर्ट नॉर्मल आला, आम्ही पेढे वाटले यार.

वर्षभरात कॅन्सर हाडांत गेलेला निघाला. तेव्हा शिंदेकाका रडत बोलले, "त्या रांगेत उभं राहायला नान्याला लाज वाटत होती. त्याच्या नावानं रक्त मीच दिलं."

नाना पडल्या पडल्या म्हणाले, "रडतो काय शिंद्या? आता वरची हजेरी पण लाव माझी."

शिंदेकाका म्हणाले, "लावली असती रे."